पोफळीखालची पाचौली पिवळी का पडली: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली. उत्तर लिहायच्या आधी आमच्या फोंड्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) जाऊन पाचौलीची चार झाडं मुळासकट उपटून बघितली, म्हणून थोडा उशीर झाला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा डिचोलीकडचे. पोफळीखाली पाचौली लावण्याविषयीचा माझा लेख वाचून त्यांनी पोफळीच्या ओळींमध्ये पाचौली, म्हणजे पानांतून सुगंधी तेल काढतात ते झुडूप, लावली. पहिल्या वर्षी कापणी चांगली मिळाली. दुसऱ्या वर्षी झाडं खुजी राहिली, पानं पिवळी पडली, आणि पावसात सुपारीही गळली. त्यांचं म्हणणं असं की एका ताटात दोघांना जेवायला बसवलं की दोघंही अर्धपोटी उठतात, आणि हे न सांगता मी लोकांना नादी लावलं.

तुमचा राग मला समजतो. नुकसान तुमचं झालंय. पण कारण तुम्ही समजता ते नाही असं मला वाटतं, आणि कारण चुकलं तर उपायही चुकेल.

आधी सावली. पाचौली म्हणजे आपल्या वेणीत माळतात त्या पाचेच्याच कुळातली, आग्नेय आशियातून आलेली. अर्धवट सावली तिला मानवते. उघड्या उन्हात पान लहान, जाड आणि फिकट होतं. त्यात तेलाचं प्रमाण थोडं वाढतं, पण पालाच कमी मिळतो. त्यामुळे नुसत्या सावलीने ती पिवळी पडणार नाही. गर्द काळोखात मात्र ती लांबुडकी आणि विरळ होते. माडांच्या बागेत साधारण आठव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत खाली ऊन फारच कमी उतरतं. त्या वयाच्या माडाखाली मी पाचौली लावणार नाही.

ताटाचं म्हणाल तर तुमचं अर्धं बरोबर आहे. पोफळीची बहुतेक मुळं खोडापासून मीटरभराच्या आतच असतात. २.७ मीटरवर लागवड असेल तर दोन ओळींच्या मध्ये एक पट्टा मोकळा राहतो, आणि पाचौली त्या पट्ट्यातच हवी. पण हे पानांचं पीक आहे. पहिली कापणी पाचेक महिन्यांनी, मग दर तीन-चार महिन्यांनी. प्रत्येक कापणीला नत्र आणि पालाश बागेबाहेर जातं. ते शेणखताने आणि ऊर्ध्वपातनाने (वाफेने) तेल काढल्यानंतर उरलेल्या चोथ्याने परत द्यायला हवं. मूळ लेखात मी हे एका ओळीत उरकलं होतं, ते चुकलंच.

पावसात गळलेली सुपारी ही बहुधा कोळेरोगाची. ती बुरशी वर घोसावर येते, खालच्या पिकामुळे नाही. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एकदा, हा जुना उपायच खरा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंत की झाडं दुपारी माना टाकायची, सकाळी पुन्हा ताठ व्हायची, आणि खत घालूनही पिवळेपणा गेला नाही. हे वाचूनच मी खाली गेलो. उपटलेल्या चारपैकी तीन झाडांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. हा मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी, जमिनीतला दोऱ्यासारखा सूक्ष्म किडा. पाचौलीचा याच्याइतका मोठा शत्रू क्वचितच दुसरा असेल. कीड डोळ्यांना दिसत नाही. उबदार जमिनीत महिन्याभरात तिची एक पिढी होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. म्हणून पहिलं वर्ष साजरं जातं आणि दुसऱ्या वर्षी मळा बसतो. गाठाळलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही, आणि आपण पानाकडे बघून खत ओतत राहतो.

माझ्याकडे ती कशी आली? एका रोपवाटिकेतून मुळं फुटलेली रोपं आणली तेव्हा पिशवीतली माती झाडून मुळं बघितली नाहीत. शिवाय तो पट्टा आधी वांगी-मिरचीचा होता, आणि ही दोन्ही पिकं त्याच कृमीला पोसतात. तुमच्या पट्ट्यात आधी काय होतं?

मला खरी काळजी मिरवेलीची आहे. हाच कृमी मिरीच्या मुळांतही शिरतो आणि वेल हळूहळू पिवळी होऊन झडत जाते. कुळागरात मिरवेल पोफळीवरच चढलेली असते, त्यामुळे पाचौलीतला रोग तिच्यापर्यंत पोचायला लांब जावं लागत नाही. खाली काय लावतो याचा वरच्या झाडांवर परिणाम होतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त त्याची वाट अन्नातून नाही, जमिनीतल्या कृमीतून जाते.

तेव्हा सगळं उपटायची घाई करू नका. वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पाच-सहा झाडं खणून काढा आणि बादलीत मुळं हलकेच धुवा. गाठी मुळाच्या आतच फुगलेल्या असतील, चोळून सुटत नसतील, तर तो कृमीच. अशी झाडं मुळासकट काढून वाळवून जाळा. कंपोस्टात किंवा पाटात टाकू नका, पाण्याबरोबर ती माती खालच्या मळ्यात जाते. रिकाम्या जागेत निंबोळी पेंड घाला, आणि ऊन येतं तिथे एक हंगाम दाट झेंडू लावा. पुन्हा लावायची असेल तर विकतची रोपं नकोत. हा कृमी मुळांत राहतो, म्हणून निरोगी झाडाच्या शेंड्याची छाटकलमं घ्या आणि एप्रिल-मे महिन्यांत ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली तापवलेल्या मातीत ती कलमं रुजवा. मिरवेलीच्या बुडापासून हातभर तरी अंतर सोडा, पाणी साचू देऊ नका. तरीही जमीन कायमची स्वच्छ होईल असं नाही. दर पावसाळ्यानंतर दोन झाडं उपटून बघावीच लागतील.

मूळ लेखात ‘या पिकाला रोगराई फारशी नाही’ असं वाक्य होतं. ते मी आज काढलं आणि त्या जागी सूत्रकृमीविषयी लिहिलं. मुळं धुतल्यावर गाठी दिसल्या तर फोटो पाठवा, आणि मिरवेलींची पानं आत्ता कशी आहेत तेही कळवा.