बटाट्याएवढा एक गोळा

देशांची हद्द संपली की पुढचा समुद्र कुणाचाच नाही, असं आपण सहज म्हणून जातो. कायदा तसं म्हणत नाही. १९८२ च्या सागरी कायदा कराराने तिथला तळ 'मानवजातीचा सामाईक वारसा' ठरवलाय. ही कल्पना १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडली ती माल्टासारख्या चिमुकल्या देशाच्या राजदूताने, आर्विड पार्डो यांनी. मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

आता या वारशाकडे जरा जवळून बघा. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या समुद्रात, चार किलोमीटरपेक्षाही खोल, बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेत. शार्कचा एखादा दात तळाशी पडतो, त्याच्यावर मँगनीज, निकेल, कोबाल्टचे थर चढत जातात. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर! सगळीकडे मऊ गाळ, त्यामुळे स्पंज आणि प्रवाळांना चिकटून राहायला हे गोळेच काय ते टणक. १९८९ मध्ये पेरूच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून असाच तळ नांगरून पाहिला. २६ वर्षांनी गेले, तर नांगराचे चर तसेच होते.

या तळाची राखण जमैकातल्या किंग्स्टनमधल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे आहे. हे गोळे शोधण्या-काढण्याची कंत्राटं देणारं तेच, जीवसृष्टी जपणारंही तेच. मला हे पटत नाही. त्यात खाणकामाचे नियम वर्षानुवर्षं चर्चेतच अडकलेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये करारात नसलेल्या अमेरिकेने स्वतःच्याच कायद्याखाली परवाने द्यायचा आदेश काढला.

"या संस्थांना विचारतो कोण?" असं लोक म्हणतात. मी देवमाशांकडे बोट दाखवते. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, आणि कुबड्या देवमाशांचे कितीतरी कळप सावरले. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला खरा, पण त्याबरोबर त्याला अंटार्क्टिकातली शिकारही सोडावी लागली. कारण तिथे तो 'संशोधना'च्या नावाखाली जी शिकार करायचा, तिची मुभा आयोगाच्याच करारात होती.

म्हणून प्राधिकरण मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. नियम पुरे होईपर्यंत आणि कंत्राटं देणाऱ्यांपासून वेगळी, स्वतंत्र तपासणी यंत्रणा उभी राहीपर्यंत त्याने एकही खाण सुरू होऊ देऊ नये. फ्रान्ससह अनेक देश अशीच बंदी किंवा स्थगिती मागताहेत. आपल्या सरकारचं मत काय आहे, हे प्रत्येकाने आपापल्या लोकप्रतिनिधीला विचारावं. मी माझं पत्र आज पाठवलं.