'तिथे राहायला यांना सांगितलं कोणी?' : गोसाबाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल आधी माफी.

सुंदरबनातल्या गोसाबावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या चार तक्रारी आहेत. गोसाबा हा तालुका नाही. वाघाने नवरा नेलेल्या बाईचा फोटो टाकून मी तिच्या दुःखाचं प्रदर्शन मांडलं. तिथे जमीन घेऊन वसाहत उभी करणाऱ्या हॅमिल्टनसाहेबाची मी आरती ओवाळली. आणि शेवटची, जिच्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितेय: "वाघाच्या तोंडाशी जाऊन राहायला यांना सांगितलं कोणी? सरकारने उचलून दुसरीकडे न्यावं, विषय संपला."

पहिल्या दोन मान्य. गोसाबा हा पश्चिम बंगालच्या दक्षिण 24 परगणा जिल्ह्यातल्या कॅनिंग महकुम्याचा, म्हणजे उपविभागाचा, एक ब्लॉक आहे. आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळावं म्हणून 'तालुका' लिहून मोकळी झाले, ते दुरुस्त केलंय. 14 ग्रामपंचायती आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 2 लाख 46 हजार माणसं, सगळी नद्यांनी तोडलेल्या बेटांवर. फोटोही काढून टाकला. 'काढ' असं ती म्हणाली होती, पण तो नेटवर टाकू का, हे मी विचारलंच नव्हतं. चूक माझीच.

आता चौथी. कोणी सांगितलं? अहो, कागद करून सांगितलं होतं. 1830 च्या सुमाराला कंपनी सरकारने जंगलाची हद्द आखली, आतल्या भागाचे आकडे घालून 'लॉट' पाडले आणि ते पट्ट्याने द्यायला सुरुवात केली. अट अशी की ठरलेल्या मुदतीत ठरलेला हिस्सा तोडून लागवडीला आणायचा, नाहीतर पट्टा रद्द. जंगल म्हणजे महसूल बुडतोय, असा सरळ हिशोब. पट्टेदार बसले कलकत्त्यात. कुऱ्हाड चालवायला छोटा नागपूरहून मुंडा, उराँव, भूमिज आदिवासी आणले. मागोमाग मेदिनीपूर आणि खुलन्याकडून भूमिहीन कुटुंबं आली, बहुतेक पौंड्र आणि नमशूद्र या दलित जातींची. आजही या ब्लॉकमध्ये सर्वांत मोठी संख्या अनुसूचित जातींची आहे. जातीचा हा धागा माझ्या लेखात नव्हता. तुम्ही त्यावर बोट ठेवलं असतंत तर मला उत्तर नव्हतं.

याच साखळीत 1903 मध्ये डॅनियल हॅमिल्टन आला. कलकत्त्याच्या मोठ्या जहाज कंपनीतला स्कॉटिश माणूस. त्याने गोसाबा, रांगाबेलिया, सातजेलिया भागात सुमारे 9 हजार एकर घेतले. सावकाराला बेटावर थारा दिला नाही, सहकारी पतपेढी, भांडार, भातगिरणी उभी केली, 1936 मध्ये स्वतःची एक रुपयाची नोट काढली. 1932 च्या डिसेंबरअखेरीस रवींद्रनाथ तिथे राहून गेले. यातलं काही खोटं नाही. पण तोही पट्टेदारच होता आणि त्याचीही जमीन भरतीखालून ओढून काढलेलीच होती. हे मी लिहायला हवं होतं. तेव्हा तिसरी तक्रार अर्धी मान्य.

ओढून काढलेली म्हणजे काय, ते सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. पेण-अलिबागकडची खारजमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. सुंदरबनाची जमीन अजून तयार होत होती. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरायचं, गाळ टाकून जायचं, आणि जमीन अशी बोटबोट वर यायची. ती पुरती वर यायच्या आधीच भोवती मातीचा बांध पडला. गाळ बाहेर अडला आणि नदीच्या पात्रात साचत गेला. पात्र उचललं, शेत मात्र होतं तिथेच राहिलं. भारताच्या बाजूच्या सुंदरबनात असे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे बांध आहेत. गोसाबा ब्लॉकमधल्या कुमिरमारी बेटावर पौर्णिमेच्या भरतीला मी बांधावर उभी होते. एका हाताला नदीतली होडी, दुसऱ्या हाताला गवताने शाकारलेलं घर. होडीचा काठ आणि घराची वळचण एका पातळीत. माझी यजमानीण खालून हाक मारत होती, भात निवतोय म्हणून.

संध्याकाळी ओहोटीला तिने मला चिखलातला एक उंचवटा दाखवला. तो तिच्या सासऱ्याच्या वेळचा बांध. त्याच्या अलीकडे दुसरा, तिच्या लग्नानंतर फुटलेला. आम्ही उभ्या होतो तो तिसरा. बांध फुटला की थोडं आत येऊन नवा घालतात, त्याला 'रिंगबांध' म्हणतात. दोन्हींच्या मधली जमीन नदीची. या घराची सहा बिघे अशी नदीने नेली.

25 मे 2009 ला आयला वादळ आलं. पाणी बांधावरून शेतात, शेतातून तळ्यात. गोड्या पाण्यातले मासे पोट वर करून तरंगले आणि पुढचे दोन-तीन हंगाम भात धड आला नाही. केरळ, तमिळनाडू, अंदमानकडे मजुरीला जाणाऱ्या पुरुषांची रीघ लागली. 2020 मध्ये अम्फान आलं. पुढच्याच वर्षी यास, तेही नेमकं पौर्णिमेच्या उधाणात. आयलानंतर पक्क्या बांधांसाठी 5,032 कोटी मंजूर झाले होते, प्रत्यक्षात बांधले गेले फार थोडे. पक्क्या बांधाचा पाया रुंद, तो घालायचा कोणाच्या जमिनीत, यावर घोडं अडलं.

मग बायका काय करतात? मीन धरतात. मीन म्हणजे बागदा कोळंबीचं पिल्लू, केसाएवढं, टोकाला दोन डोळे. छातीभर खाऱ्या पाण्यात निळी जाळी ओढत काठाकाठाने चालायचं, मग चिखलात उकिडवं बसून पांढऱ्या ताटलीत शिंपल्याने एकेक वेगळं करायचं. मला दहा मिनिटांत एकही ओळखता आलं नाही, आणि ती बोलत बोलत निवडत होती.

आणि वाघ. तिथे 'जंगल करतो' म्हणतात, जसं आपण शेती करतो म्हणतो तसं. खेकडे, मध, मासे. आत शिरल्यावर वाघाचं नाव घेत नाहीत, 'मामा' म्हणतात. निघताना जंगलाची राखणदार बोनबीबी, तिला नमस्कार, हिंदूचाही आणि मुसलमानाचाही. तिची पोथी आहे बंगालीत, पण पानं उजवीकडून उलटायची. गाभ्यातल्या जंगलात, परवानगीशिवाय, वाघाने माणूस मारला की घरचे मृत्यू लपवतात, कारण भरपाई तर नाहीच, वर गुन्हा. 2023 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सुंदरबनातल्या अशाच एका विधवेला पाच लाख द्यायला सांगितले, तेव्हा कुठे थोडी आशा निर्माण झाली.

राहिलं 'उचलून न्यावं'. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत वाढले. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आमच्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवलेली, वर्गात निम्मी मुलं मंडल आणि बिस्वास. उचलून नेणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या आज्ज्यांनी सांगितलंय. पाण्यातली माणसं सागाच्या रानात आणून सोडली. दंडकारण्यातल्या छावण्यांतून तर हजारो लोक 1978 मध्ये परत निघाले आणि कुमिरमारीसमोरच्या मरिचझांपी बेटावर जाऊन बसले. त्यांनी स्वतःच बांध घातला, शाळा काढली. 1979 च्या जानेवारीत पोलिसांनी बेट वेढलं, मे महिन्यात रिकामं केलं. किती मेले, यावर आजही एकमत नाही. माझी यजमानीण तेव्हा लहान होती. पलीकडचा धूर आठवतो, एवढंच ती म्हणाली आणि कंदिलाची वात सारखी करत बसली.

ता. क. शेवटी तुम्ही विचारलंय, जायचं कसं. सियालदाहून कॅनिंग लोकल, कॅनिंगहून गाडीने गदखाली, तिथून फेरीबोटीने गोसाबा. थंडीत जा. निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून ठेवा. ओहोटीला पोचलात तर चप्पल हातात घ्यावी लागेल.