बोट सरकवण्यावर मालकी कसली?

स्क्रीनवर बोट सरकवून फोन उघडणे ही एखाद्या कंपनीची मालमत्ता ठरू शकते का, यावर अमेरिकेतील न्यायालयांनी वर्षानुवर्षे खल करावा, याचा मला आजही संताप येतो. अ‍ॅपलने सॅमसंगविरुद्ध हेच पेटंट पुढे केले. वास्तविक निओनोड या स्वीडिश कंपनीच्या एन१एम फोनमध्ये आयफोन येण्यापूर्वीच ही सोय होती. त्याच धर्तीचे अ‍ॅपलचे युरोपीय पेटंट जर्मनीतील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. अमेरिकेत मात्र फेब्रुवारी 2016 मध्ये अपिली न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी पेटंट अवैध ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल फिरवून, इतर दोन पेटंटांसह, सुमारे 12 कोटी डॉलरची भरपाई पुन्हा कायम केली. त्याच्या आदल्याच महिन्यात आलेल्या आयओएस 10 या आयफोनच्या कार्यप्रणालीतून अ‍ॅपलने ती सोय स्वतःच काढून टाकली होती! मग एवढा आटापिटा कशासाठी?

नक्कल झालीच नाही, असे मी म्हणत नाही. गॅलेक्सी एसची आयफोनशी पानोपानी तुलना करणारा सॅमसंगचा अंतर्गत अहवाल न्यायालयात सादर झाला होता, आणि अशा उचलेगिरीचा मलाही तिटकारा आहे. पण इतक्या साध्या कृतीवरच्या पेटंटांची खरी धास्ती बलाढ्य कंपन्यांना नसते. वकिलांचे शुल्क न परवडणाऱ्या चार माणसांच्या कंपनीला एक नोटीस आली, की स्वतः घडवलेली सोय मुकाट्याने काढून टाकण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही.