‘आधी मूळ ऐकायला शिका’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘एक श्रोता’ यांस,

बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (एक मूळ रचना आणि तिची तीस बदललेली रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स) नवख्यानं कुठल्या वाद्यावर ऐकावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लेखात मी स्ट्रिंग ट्रिओ, म्हणजे व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) आणि चेलो हे त्रिकूट, सुचवलं होतं. इतरांच्या माहितीसाठी तिच्यातलं मुख्य वाक्य इथे देतो: ‘१७४१च्या मुखपृष्ठावरच दोन कीबोर्डच्या हार्पसिकॉर्डसाठी असं छापलेलं असताना स्ट्रिंग ट्रिओ सुचवणं हा हौशी लोकांचा उद्धटपणा आहे, आधी मूळ ऐकायला शिका.’

आधी ते ‘हौशी’ घेऊ. मी मडगावात वाढलो. जवळच्या चर्चमध्ये व्हायोलिन शिकायला जायचो. आधी सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर गायचा सराव, घोटायचं, मग वाद्याला हात. व्हायोलिनवाले भरपूर होते, म्हणून व्हिओला माझ्या गळ्यात पडला. पुढे मुंबईत नोकरी करताना दोन मित्रांना धरून रविवारी व्हायोलिनवादक दिमित्री सितकोवेत्स्कींनी या रचनेची ट्रिओसाठी केलेली मांडणी वाजवायचो. वाईट वाजवायचो, पण आतून ऐकायचो. पोट त्यावर भरलं नाही, एवढ्यापुरता मी हौशी. आणि मुखपृष्ठाचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या ना. त्याच पानावर हे संगीत रसिकांच्या मनोरंजनासाठी रचलंय असंही छापलेलं आहे. ती ओळ तुम्ही सोयीनं गाळलीत.

आता ‘उद्धटपणा’. तिसरं व्हेरिएशन घ्या. तो एकाच स्वरावरचा कॅनन आहे: पहिला आवाज सुरू झाला की एका मापानंतर दुसरा तीच चाल तिथूनच सुरू करतो. दोघांची जागा एकच, त्यामुळे ते सतत एकमेकांत शिरतात. बाखनं हे व्हेरिएशन एकाच कीबोर्डवर वाजवायला सांगितलंय. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही. म्हणजे एक आवाज पुढे काढून दुसरा मागे ठेवायची सोय वादकाकडे नाही. मुरलेला कान दोघांना वेगळं काढतो. नवख्याला मात्र सुंदर गुंता ऐकू येतो, पण पाठलाग ऐकू येत नाही. तेच व्हायोलिन आणि व्हिओलावर ऐकवा. कोण पुढे गेलं, कोण मागून आलं, हे संगीत न शिकलेल्या माणसालाही कळतं, कारण दोन माणसं आणि दोन वाद्यं समोर आहेत. आणि असे कॅनन थोडेथोडके नाहीत. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे, सत्ताविसाव्यापर्यंत नऊ. मी ट्रिओ सुचवला तो यासाठी. हार्पसिकॉर्ड फेकून द्या असं कुठे लिहिलंय, दाखवा. उलट विसाव्या आणि सव्विसाव्यात दोन हात एकमेकांवरून उड्या मारतात ती मजा ट्रिओत मरते, हे मी त्याच लेखात लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं.

आणि वाद्य बदलणं हा अपमान असेल तर पहिला अपराधी बाख स्वतःच. विवाल्डीचा चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो (मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्यानं चार हार्पसिकॉर्डना दिला. स्वतःचा ए मायनर व्हायोलिन कॉन्चेर्तोही हार्पसिकॉर्डवर नेला. तुम्ही म्हणाल, हे सगळं तारांकडून कीबोर्डकडे. ठीक. मोझार्टनं १७८२मध्ये बाखचे कीबोर्डसाठीचे पाच फ्यूग (एकच चाल एकेका आवाजात येत गुंफली जाते अशा रचना) दोन व्हायोलिन, व्हिओला नि चेलोसाठी मांडले. तोही हौशी का?

गंमत म्हणजे तुमच्याच प्रतिक्रियेत खाली पियानोवादक ग्लेन गूल्डचं याच रचनेचं १९८१चं रेकॉर्डिंग ‘शिखर’ ठरलंय. महाशय, ते पियानोवर आहे. बाखच्या मुखपृष्ठावर पियानो कुठे दिसला तुम्हाला? पियानो चालतो आणि चेलो चालत नाही, हा नियम कुणी केला? सितकोवेत्स्कींनी ती ट्रिओची मांडणी गूल्डच्याच स्मृतीला अर्पण केली आहे, हे जाता जाता.

लेखातल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या यादीत हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लिओनहार्टचं नाव नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. हार्पसिकॉर्डवर ऐकायचंच तर हार्पसिकॉर्डवादक वांडा लँडोव्स्काच्या १९३३च्या रेकॉर्डिंगबरोबर त्यांचंही नाव हवं होतं. यादीत घालतो.

पुनरावृत्त्या गाळाव्यात की नाही, जुनं ट्यूनिंग हवं की नको, गूल्ड वाजवताना गुणगुणतो त्याचं काय, यांवर तुम्ही बराच मजकूर लिहिलाय. माझा लेख त्याबद्दल नव्हता.

भाषेबद्दल एकच. ‘ऐकायला शिका’ हे मला माझ्या शिक्षकांनी सांगितलं असतं तर मी मान खाली घातली असती. त्यांना माझं नाव माहीत होतं आणि मला त्यांचं. पुढच्या वेळी प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुमचंही घाला.