‘कुंडीतलंच आहे, अपाय कसा होईल?’

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वसंत लागला, कुंड्यांत तुळस, गवती चहा, गुळवेल लावा. हवा सारखी पालटतेय, तर जेष्ठमध घालून घरातल्या सगळ्यांनी रोज तीनदा काढा घ्या, तान्ह्या बाळालाही मधातून द्या. घरचं आहे, अपाय होतच नाही. माझाही जीव याच झाडांत आणि याच चहात आहे, म्हणून हे खोडून काढायला हवं.

वसंतात लागवड हे थंड देशांचं वेळापत्रक. आपल्याकडे मार्चमध्ये पहाटे स्वेटर, दुपारी पस्तिशीचं ऊन आणि मधेच अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट द्राक्षवाले अजून विसरलेले नाहीत. कोवळ्या रोपाला अशा दिवसांत गच्चीवर का उभं करायचं? तुळशीचं बी, गवती चहाचे फुटवे जूनच्या पावसावर लावा. आत्ता आहेत ती झाडं जपा: मंजिऱ्या खुडा म्हणजे पाला वाढतो, पुदिना दुपारच्या उन्हातून हलवा, आभाळ आलं की पाणी आवरा, नाहीतर मुळं कुजतात. घर मळ्याला लागून असेल, तर द्राक्षांवरची फवारणी वाऱ्याने तुमच्या तुळशीवरही येते. तो पाला चहात नकोच.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गुळवेलीची. तिच्यासारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, हिचीही पानं हृदयाच्या आकाराची असतात आणि ती शरीराला अपायकारक ठरू शकते. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये याच गल्लतीबद्दल सावध केलं होतं. शेजाऱ्यांनी दिलेली काडी कुठल्या वेलीची हे जाणकाराने पाहिल्याशिवाय ती उकळू नका. शिवाय यकृताचा त्रास किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

जेष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या आजी-आजोबांना ‘तीनदा’ सांगणं धोक्याचं आहे. वसंतात कफ वाढतो हे आयुर्वेद सांगतो, खरं आहे. पण ऋतुचर्येत त्यावर सुंठीचं पाणीही सांगितलंय, प्रत्येकाला एकच कडक काढा नाही.

मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

राहिलं उकळणं. ‘पाणी निम्मं होईस्तोवर आटवा’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. गवती चहाचा वास ज्या तेलात असतो ते वाफेबरोबर उडून जातं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, दोन पाती कातरून टाका, आल्याचा तुकडा ठेचून घाला आणि पाच मिनिटं झाकण ठेवा.