‘कागद कमी, ताप कमी’ म्हणणाऱ्या ऑडिटरांना

ऑडिट करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्किंग पेपर, म्हणजे काय तपासलं याच्या नोंदींचे कागद, ही निव्वळ कारकुनी, खरं ऑडिट अनुभवी माणसाच्या डोक्यात असतं. फाइल नंतर निवांत लावता येते. कागद जितके कमी, तितकं कोर्टात अडकणं कमी. आणि पुरावा काय, तर ‘आर्थर अँडरसननं कागद फाडले, तरी सुप्रीम कोर्टात सुटले.’ (अँडरसन म्हणजे एन्रॉन कंपनीच्या ऑडिटचे कागद फाडणारी अमेरिकन ऑडिट फर्म.)

आधी डोक्यातल्या ऑडिटबद्दल. ऑडिटच्या नोंदींबद्दलच्या आयएसए २३० या आंतरराष्ट्रीय मानकाची कसोटी अगदी रोखठोक आहे. त्या ऑडिटशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसती फाइल वाचून कळलं पाहिजे की काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कशावरून काढला. तोंडी खुलासा चालतो, पण लिहिलेलं उलगडून सांगण्यापुरता. लिहिलेलंच नसेल तर उलगडणार काय?

समजा येणेबाकीचा कागद आहे. क्लायंटच्या वहीत एका ग्राहकाकडून येणं ४,८०,००० आणि ग्राहकाच्या कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे त्यानं ऑडिटरला लेखी कळवलेल्या बाकीत, ४,३५,०००. कागदावर ‘फरक तपासला, ठीक’ आणि एक हिरवी टिक. वर्षभरानं ही टिक करणाऱ्यालाही सांगता येणार नाही की ठीक म्हणजे काय. आता दुसरा कागद बघा. फरक ४५,०००. वर्षअखेरीच्या आदल्या दिवशीचं बिल, क्रमांकासकट. माल त्याच दिवशी निघाला, ग्राहकाकडे पोचला तीन दिवसांनी. गेट पास आणि ग्राहकाची पोच पाहिली. कराराप्रमाणे मालकी माल निघतानाच जाते, करार पर्मनंट फाइलमध्ये (दरवर्षी लागणाऱ्या कागदांची फाइल) अमुक पानावर. म्हणून विक्री याच वर्षाची. खाली तपासणाऱ्याचं नाव, तारीख. रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव, तारीख. चार ओळी जास्त, बस. पण गंमत अशी की ‘मालकी कधी जाते’ हा प्रश्न बहुतेकदा त्या चार ओळी लिहायला बसल्यावरच सुचतो. कराराचं पान शोधताना मालकी पोचल्यावर जाते असं निघालं, तर विक्रीचा आकडाच दुरुस्त करावा लागतो. म्हणून या लिहिण्याला मी कारकुनी म्हणायला तयार नाही. तपासणीचा निम्मा भाग तिथेच होतो.

‘फाइल नंतर लावू’ यात अर्धं सत्य आहे. अहवालावर सही झाल्यावर फाइल जुळवायला वेळ मिळतो, आयएसएप्रमाणे साधारण ६० दिवस. अमेरिकेत ही मुदत ४५ दिवसांची होती, ती १४ वर आणण्याचा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला. पण हा वेळ कागद क्रमानं लावायला, क्रॉस रेफरन्स घालायला, जादा प्रती काढून टाकायला आहे. राहून गेलेली तपासणी करायला नाही. मुदतीनंतर काही जोडावंच लागलं तर कोणी, कधी आणि का जोडलं याची नोंद हवी.

ती न करता कागद ‘तयार’ केले की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. कॅरिलियन या बांधकाम कंपनीच्या ऑडिटची नियामकाकडून तपासणी चालू असताना ते ऑडिट करणाऱ्या केपीएमजी फर्मच्या टीमनं बैठकांची टिपणं नव्यानं बनवून जुनी म्हणून पुढे केली. २०२२ मध्ये फर्मला १ कोटी ४४ लाख पौंडांचा दंड झाला. या प्रकरणात ऑडिट बरं की वाईट हा मुद्दाच नव्हता. दंड दिशाभूल करण्याचा होता.

आता अँडरसन. २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली हे खरं. पण का? ज्युरीला दिलेल्या सूचना चुकीच्या होत्या म्हणून. कागद फाडणं योग्य होतं असं कोर्ट कुठेही म्हणालं नाही. शिवाय तोवर फर्म उरली होती कुठे? २००२ मध्येच तिनं ऑडिटचा व्यवसाय सोडला होता. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या सारबेन्स-ऑक्सली कायद्यानं सरकारी तपासात अडथळा आणण्यासाठी कागद नष्ट करण्याला २० वर्षांपर्यंत कैद ठेवली. चौकशी सुरू झालेली नसली, नुसती होईल असं धरून फाडले तरीही. मेसेज लिहिणाऱ्यानं बातमीचा मथळा वाचून पान उलटलेलं दिसतं.

जपण्याची मुदत आयएसएच्या चौकटीत साधारण किमान ५ वर्षं, अमेरिकेत ७. खटला किंवा चौकशी चालू असेल तर मुदत संपली म्हणून हात लावायचा नाही.

राहता राहिला कागद कमी करण्याचा हट्ट, तर त्यालाही जागा आहे. बाद झालेले मसुदे, अर्धवट विचारांची टिपणं, टायपिंगच्या चुका सुधारण्याआधीच्या प्रती फाइलमध्ये ठेवायची गरज नाही, हे मानकच सांगतं. दोनशे पानी करारातलं एकच कलम लागत असेल तर त्याचा उतारा घ्या, कोणत्या करारातून घेतला ते लिहा, आणि बाकीची पानं क्लायंटकडेच राहू द्या.