तांदूळ तीन तास भिजवले तरी चालतात

दिवाळी आठवड्यावर आली की कुणाकडून तरी रेसिपी मागायची. "अगदी तुझ्या हातची, प्रमाणासकट लिहून दे गं" असं म्हणून मागायची. ती बिचारी रात्री ओटा आवरून साडेअकराला बसून लांबलचक मेसेज टाइप करेल. तो न वाचता कामाला लागायचं.

सोप्यापासून सुरुवात करा. गोडा मसाला संपलाय? गरम मसाला घाला. दोन्हीत मसाला आहेच की.

सोलकढीला आमसुलं नसतील तर बीट. गुलाबी झाल्याशी मतलब.

चकलीच्या भाजणीत मोहन घालूच नका, तेवढंच तेल वाचतं. चकल्या खायच्या वेळी शेजारी खलबत्ता ठेवायचा.

अनारसे मात्र जरा मन लावून बिघडवावे लागतात. जुने तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला असं लिहिलेलं असतं, तर तीन तास पुरे, किंवा तेही नको, दुकानातली कोरडी पिठी आणा. गूळ नको म्हणून खजूर वाटून घाला, खसखस महाग म्हणून चिया सीड्स (लांबून सारख्याच दिसतात). पीठ चार-पाच दिवस मुरवायचं असतं पण आपल्याकडे फ्रीज आहे ना, अर्ध्या तासात मुरतं. आणि तूप? छे, एअर फ्रायर. एवढं झालं की रात्री दहाला फोन करायचा, परवा आमच्या मावसजावेने केला तसा, "अगं तुझ्या रेसिपीने दगड झाले हं." माझ्या रेसिपीने! अगं तीन दिवसांत तांदूळ जरासा आंबतो, त्या ओलसर पिठीत गूळ मुरतो, म्हणून तर तुपात सोडल्यावर जाळी पडते, आणि गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, पार पसरून जातो तुपात, आमच्या आजेसासूबाई पहिला अनारसा सोडून कढईवर वाकून बघत बसायच्या, हसला की बाजूला ठेवलेली मूठभर पिठी उरलेल्या पिठात मळायच्या. तुझा कशाने हसणार होता, बाई? हसायला आत गूळ तर हवा!

अनारशात जिन्नस किती, चार. तांदूळ, गूळ, खसखस, तूप. तांदूळ भिजवला नाहीस, बाकीचे तिन्ही बदललेस. खसखस नव्हती तेव्हा मीही रव्यावर थापलेत, नाही असं नाही, पण म्हणून कुणाला रात्री फोन करून रव्याचा जाब नाही विचारला. करायचं ते कर गं, घर तुझं, कढई तुझी, सॉरी, एअर फ्रायर तुझा. पण जे केलंस ते स्वतःच्या नावावर खपव, चार पाहुण्यांसमोर "हिच्याच रेसिपीने केलेत" म्हणून ताटली फिरवू नकोस.

काल परत मेसेज आलाय. संकष्टीला उकडीचे मोदक करायचेत, प्रमाण दे. खाली लिहिलंय, नारळ चालत नाही आमच्याकडे, त्याऐवजी काय घालू?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. देणारही नाहीये.